एकशे बेचाळीस मुडदे आणि एक जावई

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.

एकशे बेचाळीस. मी मोजले. इंटर्व्हलपर्यंत एकसष्ट, नंतर एक्क्याऐंशी. यात गाडीसकट दरीत गेलेले धरलेले नाहीत, कारण गाडीत किती जण होते हे दिग्दर्शकालाही माहीत नसावं. हिरोला चार गोळ्या लागतात, पाठीत कुऱ्हाड बसते आणि तरी शेवटी तो हिरॉइनला उचलून जिना चढतो! पाठीत कुऱ्हाड बसलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही. मी एकोणतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढतोय. मला हाडं शिकवू नका.

मागच्या सीटवरचा म्हणाला, काका, मनात मोजा. त्याला दोन शब्द सुनावले. तो उठून दुसरीकडे बसला. माझं म्हणणं पटलं असावं.

ही वही डॉक्टरीणबाईंमुळे. स्टाफच्या तपासणीत माझं बी.पी. वाढलेलं निघालं. त्यांनी विचारलं, राग येतो का? मी तीनदा सांगितलं, येत नाही. तिसऱ्यांदा सांगताना टेबलावरचा स्टॅपलर खाली पडला. त्या म्हणाल्या, मनातलं लिहून काढत जा. माझ्या मनात काही नाही. जे आहे ते तोंडावर बोलून मोकळा होतो. तरी लिहितो, कारण मी सूचना पाळणारा माणूस आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर माझं परखड मत टाकलं. अठरा ओळी. मथळा : 'पडद्यावर रक्ताचे पाट, आपण मात्र पॉपकॉर्न खातो!' आजपासून सिनेमातल्या हिंसेविरुद्ध मोहीम. सुरुवात स्वतःपासून. असले सिनेमे बघणं बंद.

५ फेब्रुवारी. सकाळी.

वकिलांचा अंगठा आला. दुसऱ्या मजल्यावरचे वकील. म्हणजे कायदेशीर बाजूनेही मुद्दा भक्कम आहे.

दुपारी. अंगठा माझ्या मताला नव्हता. माझ्या वरती टाकी धुण्याची सूचना होती, तिला होता. वकिलांनी स्वतः फोन करून खुलासा केला. एवढी घाई काय होती?

७ फेब्रुवारी.

प्लास्टरवाल्याशी चर्चा. हा आमच्या शेजारच्या खोलीत बसतो. मी तुटलेलं दाखवतो, तो बांधतो. वीस वर्षांची मैत्री. बोलतो कमी, आणि जे बोलतो ते ऐकावंसं वाटत नाही. मी म्हणालो, असले सिनेमे बघून समाजात राग वाढतोय. तो म्हणाला, हो, तुझ्याकडे बघून वाटतं खरं. मी म्हणालो, माझा राग नव्हे, तात्त्विक संताप आहे. तो म्हणाला, दोन्हीत बी.पी. किती किती?

त्याच्याशी आठवडाभर अबोला.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

रेल्वेवाला सिनेमा पाहिला. घरी, टीव्हीवर. बंद करायचं ठरलं होतं हे खरं, पण न बघता टीका केली तर लोक म्हणतील, बघितलं कुठे? शिवाय हा अभ्यास म्हणून बघितला. अभ्यास वेगळा.

छत्तीस मेले. त्यातला एक सुटकेसने. हिरो डब्याच्या टपावर पळतोय, मागून लोखंडी सळई गुडघ्यावर बसते, हा जरासा वाकतो आणि परत पळतो! वाटी फुटली असेल रे तुझी! प्लास्टर सहा आठवडे, मग वाकवायचा व्यायाम, तोही रडत रडत. मी टीव्हीला हेच सांगत होतो. बायको आतून म्हणाली, मारामारी एवढी आवडत नाही तर बघता कशाला? आणि बघताय तर निदान ओरडू नका, माझं डोकं दुखतंय.

मी ओरडत नव्हतो. आवाज मुळातच भरदार आहे.

त्या वेळी रिमोट हातातून निसटला. भिंतीपर्यंत निसटला. बॅटऱ्या मिळाल्या, झाकण कपाटाखाली आहे.

१५ फेब्रुवारी.

मुलगी आली होती. अठ्ठावीस वर्षांची, बँकेत आहे, तीन वर्षांपासून वेगळी राहते. ऑफिस जवळ पडतं म्हणून. ऑफिस इथूनही वीसच मिनिटांवर आहे, पण तिला चालायला आवडत नाही.

चहा पिता पिता म्हणाली, बाबा, माझं एकाशी जमलंय. आमचं लग्न करायचं चाललंय. रविवारी त्याला घेऊन येते. मी विचारलं, करतो काय? म्हणाली, फिल्म लाइनमध्ये आहे.

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि कपबशा उचलून आत नेल्या. मी अजून प्यालो नव्हतो.

पण मी शांत होतो. उलट बरंच झालं! घरचाच माणूस त्या लाइनमध्ये असेल तर मोहिमेला केवढं बळ. नक्की दिग्दर्शक असणार, माझी मुलगी खालचं काही निवडायची नाही. त्याच्यासाठी सूचना काढायला बसलो. बावीस निघाल्या. पहिली : गुडघ्याचा आदर करा.

१८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

दिग्दर्शक नाही. पडतो.

हे त्याचं काम. हिरोच्या ऐवजी पडतो. जिन्यावरून, छतावरून, घोड्यावरून, काचेतून. व्हिलनच्या माणसांतला एक होऊनही पडतो. एकतीस वर्षांचा आहे, अंगाने सडपातळ, बोलायला मऊ. सोफ्यावर असा बसला की सोफ्याला कळलं नाही. मला 'काका' म्हणतो.

मी विचारलं, शिक्षण? म्हणाला, कॉमर्स, दुसऱ्या वर्षापर्यंत. मी विचारलं, आणि मग? म्हणाला, मग पडायला लागलो.

मुलगी हसली. बायकोही हसायला लागली होती, मी बघितल्यावर थांबली.

मी त्याला कुऱ्हाडवाल्या सिनेमाबद्दल खडसावलं. एकशे बेचाळीस माणसं मारता, लाज नाही वाटत? त्याने नम्रपणे सांगितलं, काका, त्यात मी अकरा वेळा आहे. गोदामात चारदा, बाजारात पाचदा, दरीतल्या गाडीत दोनदा. आम्ही सगळे मिळून वीस-बावीस जण होतो. मेलो की शर्ट बदलायचा, मिशी लावायची, परत मरायचं. पाठीतली कुऱ्हाडही मीच खाल्ली. आत लाकडी फळी होती.

म्हणजे माझा आकडा चुकला. एकोणतीस वर्षं बारीकसारीक चीर शोधणारा माणूस मी, आणि एकच माणूस अकरा वेळा मेला हे माझ्या ध्यानात आलं नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. वर फळी! प्रेक्षकांची उघड फसवणूक. मी म्हणालो, हे लग्न होणार नाही. मुलगी म्हणाली, बाबा, आम्ही विचारायला नाही, सांगायला आलोय.

दार आपटलं गेलं. वारा असावा. आतलं दार होतं, पण तरी.

२० फेब्रुवारी.

अबोला सोडून प्लास्टरवाल्याला सगळं सांगितलं. म्हणाला, पडणारा? वा, आपल्याच धंद्यातला निघाला. मी म्हणालो, चेष्टा नको. हा माणूस पाच वर्षांत खिळखिळा होणार आणि माझी मुलगी त्याची चाकाची खुर्ची ढकलत बसणार. तो म्हणाला, हे तुला कसं ठाऊक? तपासलंस?

नाही तपासलं. पण तपासता येईल!

जो माणूस रोज पडतो त्याची हाडं खोटं बोलणार नाहीत. नखशिखांत फोटो काढायचे, मुलीसमोर मांडायचे. बघ, हा तुझा संसार. पोरगी बापावर विश्वास ठेवणार नाही, एक्स-रेवर ठेवेल. राग नाही, ओरडणं नाही, निव्वळ पुरावा. डॉक्टरीणबाईंना हेच तर हवं होतं.

प्लास्टरवाला म्हणाला, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फोटो काढलास तर मोठ्या मॅडम तुलाच फ्रेममध्ये घालतील. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या एक्स-रे विभागाच्या मुख्य. त्या रविवारी येत नाहीत. माझी रविवारी ड्युटी आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

आला. हो म्हणाला एका फोनवर! मला वाटलं होतं टाळेल. म्हणाला, काका, मला स्वतःलाच बघायचंय आत काय काय आहे ते.

बारा फोटो काढले. कॉम्प्युटर नाव मागतो, तिथे 'टेस्ट' घातलं. छाती, मणका, खांदे, दोन्ही हात, मनगटं, गुडघे, घोटे. मी सांगेन तसा वळत होता. असा पेशंट मी पाहिला नाही. हल म्हटलं की हलतो, थांब म्हटलं की दगड.

मग पडद्यावर एकेक बघितला. उजवी कॉलरबोन जुनी तुटलेली, नीट जुळलेली. मी विचारलं, कशात? म्हणाला, घोडा. दोन बरगड्या? काच. मनगट? पहिलं वर्ष, काका, तेव्हा पडता येत नव्हतं. गुडघे मात्र स्वच्छ. घोटे स्वच्छ. मणक्याच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा सरळ आहे. मनात नसतानाही कबूल करावं लागलं. या वयाचे बसून काम करणारे याच्याहून वाईट हालतीत येतात.

मग डावा हात. करंगळीच्या बाजूचं हाड, कोपर आणि मनगटाच्या बरोबर मध्ये, जुनी गाठ. जुळताना किंचित वाकडी जुळलेली. लहानपणची. प्लास्टर उशिरा घातलेलं.

मी विचारलं, हा कोणता सिनेमा?

म्हणाला, तो सिनेमातला नाही.

आणि शर्ट घालायला लागला.

मी पुढे विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ते हाड पडून तिथे तुटत नाही. पडताना माणूस तळहात टेकतो, मग मनगट जातं. हे असं मधोमध तुटतं ते एकाच प्रकारे. डोक्यावर काही येत असतं आणि माणूस हात आडवा धरतो. मी ओळखतो. वर्षाला पंधरा-वीस तरी येतात. बायका जास्त. बाथरूममध्ये पडले म्हणतात. मी म्हणतो, हात इथे ठेवा, हलू नका. फोटो काढतो आणि पुढचा पेशंट बोलावतो. माझं काम तेवढंच आहे.

जाताना म्हणाला, बारावं वर्ष होतं, काका. बाबांना राग यायचा. एरवी चांगले होते.

२६ फेब्रुवारी.

मोठ्या मॅडमनी बोलावलं. मशीन प्रत्येक फोटोची नोंद ठेवतं हे मला माहीत होतं, पण त्या नोंदी कोणी वाचतं हे नव्हतं. मॅडम म्हणाल्या, 'टेस्ट' यांच्या दोन बरगड्या जुन्या मोडलेल्या दिसतात. कोण हे टेस्ट?

खरं सांगितलं. होणारा जावई.

त्या म्हणाल्या, लेखी खुलासा द्या आणि पुढचे दोन महिने रविवारची ड्युटी नाही. मी त्यांना सांगितलं, मॅडम, हा प्रश्न एका फोटोचा नाही, चित्रपटसृष्टीतल्या हिंसेचा आहे. त्या म्हणाल्या, आवाज खाली.

खुलासा चार पानी झाला. तीन पानं सिनेमावर.

२८ फेब्रुवारी.

खुलासा परत आला. शेरा : एका परिच्छेदात लिहा. सिनेमा नको.

पण माझं लक्ष त्यात नाही. तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. बारा वर्षांचं पोर! त्या बापाला समोर आणा माझ्या. बाराव्या वर्षी पोराच्या अंगावर काठी घेऊन धावतो म्हणजे काय? धरून बदडला पाहिजे. तोच हात पिरगाळून तिथेच, बरोबर त्याच जागी... प्लास्टरवाल्याला हे सांगताना माझ्या हातातली प्लेट त्याच्या टेबलावर आपटली. तो म्हणाला, तो बाप वारलाय की. मी म्हणालो, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, तुझा जावई रविवारी तुझ्याकडून निघाल्यावर माझ्याकडे बसला होता. चहा घेतला. चांगला मुलगा आहे.

माझ्याकडे चहा घेतला नव्हता. मी विचारला नव्हता, हा भाग वेगळा.

तो आणखी म्हणाला, तू कधी मारलंस का रे पोरीला? मी म्हणालो, हात उचललेला नाही कधी घरात. हे अगदी खरं आहे. सातवीत गणितात नापास झाली तेव्हा पट्टी होती, पण पट्टी धरली तर हात उचलला असं होत नाही. आणि पट्टी प्लास्टिकची होती.

तुटली, हे खरं. पट्टी.

१ मार्च.

मन मोठं केलं. मुलीला फोन करून सांगितलं, रविवारी दोघं जेवायला या. मुलगी म्हणाली, नक्की ना? हा काय प्रश्न झाला? तिला सांगितलं, मी पूर्ण विचार करून लग्नाला संमती दिलेली आहे. ती म्हणाली, बाबा, तारीख पंधरा ठरली आहे, रजिस्ट्रारकडे अर्ज गेल्या महिन्यातच दिलाय. म्हणजे संमती वेळेत पोचली.

रविवारी सिनेमाचा विषय काढायचा नाही. आवाज चढवायचा नाही. त्याच्याशी हात, काठी, बाप, यातलं काहीही बोलायचं नाही. फक्त हवापाणी.

३ मार्च, रविवार. दुपारी ४.

हवापाणी पंधरा मिनिटं पुरलं.

सिनेमाचा विषय मी काढला नाही. त्याने विचारलं, काका, ग्रुपवर लिहिता ना तुम्ही, ताज्या कुठल्या सिनेमाबद्दल लिहिलंत? आता विचारल्यावर सांगायचं नाही का? मी सांगितलं. पडद्यावर मारामारी बघून माणसं बिघडतात, घराघरांत हिंसा शिरते, वगैरे. चांगलं मुद्देसूद चाललं होतं. मुलगी म्हणाली, बाबा, पडद्यावरचं खोटं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पडलेला माणूस उठून शर्ट बदलतो. मी म्हणालो, मग खरी हिंसा कुठे आहे, सांग ना तू. तिने ताटाकडे बघत म्हटलं, जाऊ दे.

मला हे 'जाऊ दे' आवडत नाही. लहानपणापासून सांगतोय, बोलायचं तर पूर्ण बोल. मी तेच म्हणालो. ती परत म्हणाली, जाऊ दे ना बाबा. मी परत म्हणालो. आवाज भरदार आहे हे आधी लिहिलेलं आहेच.

आणि पेला गेला. स्टीलचा. कोणावर टाकला नव्हता. भिंतीवर टाकला होता. पेला रिकामा होता, हे नोंदवून ठेवतो.

आता जे झालं ते. तो डाव्या बाजूला बसला होता. त्याचा डावा हात वर गेला, आडवा, कपाळापुढे, मूठ बंद. बरोबर जी गाठ मी पडद्यावर पाहिली ती माझ्यासमोर आली. सिनेमात अकरा वेळा मरणारा माणूस, दरीत पडणारा, आणि एका रिकाम्या पेल्याला...

पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मुलीचाही हात वर होता. तसाच. त्याच कोनात.

बायकोने हात वर केला नाही. तिने फक्त पातेलं भिंतीपासून लांब सरकवलं होतं. पेला निघायच्या आधीच. घाई नाही, गडबड नाही, जेवता जेवता.

पेला गोल गोल फिरून थांबला. पडणाऱ्याने हात खाली घेतला आणि मला म्हणाला, सॉरी, काका. तो मला सॉरी म्हणाला!

मी उठून बाथरूममध्ये गेलो. नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा ते दोघं गेले होते.

४ मार्च.

बायको मुलीकडे गेली. लग्नाची तयारी म्हणून. चार दिवस. चार दिवसांना ती एवढी मोठी बॅग नेते हे नवीनच. मी विचारलं, माझ्यावर रागावलीस का? ती म्हणाली, नाही हो. रागवायचं काम या घरात एकाच माणसाकडे आहे. दाराशी थांबून म्हणाली, गॅस बंद करत जा.

हे टोमणे मारणं मला आवडत नाही.

७ मार्च.

घर शांत आहे. इतकं शांत की वाचन होईल. तीन दिवसांत चढ्या आवाजात एकही शब्द बोललो नाही. दूध उतू गेलं तेव्हासुद्धा नाही. म्हणजे डॉक्टरीणबाईंना सांगता येईल. माझ्यात दोष नव्हता, वातावरणात होता.

लायटर चालत नव्हता, तो मात्र फेकला. कोणी नव्हतं म्हणून फेकला. कोणी असतं तर फेकला नसता.

९ मार्च.

चार दिवसांचे पाच झाले. फोन केला. बायको म्हणाली, पंधरा तारखेनंतर बघू. मी म्हणालो, मला माफी मागायची आहे सगळ्यांची, एकत्र बसवून, नीट. म्हणाली, लिहून काढा आधी.

माफीनामा लिहिला. पाच पानं. हिंसेचा इतिहास थोडक्यात घेतला आहे. माझी बाजू दुसऱ्या पानावर आहे, माफी शेवटच्या पानावर.

आज हॉस्पिटलात एक बाई आली. हात, डावा, मधोमध. बाथरूममध्ये पडले म्हणाली. मी फोटो काढला. मग विचारलं, खरंच पडलात? तिने माझ्याकडे बघितलं आणि मागे दाराकडे बघितलं. दारात नवरा उभा होता, चांगला माणूस दिसत होता, तिची पर्स धरून. मी मॅडमना जाऊन सांगितलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. मॅडमनी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि तिच्यासाठी समाजसेविकेला फोन लावला. मी त्या नवऱ्याला दोन ठेवून द्यायला निघालो होतो, प्लास्टरवाल्याने कोट धरून मागे ओढलं. म्हणाला, तू जरा बस.

१५ मार्च, शुक्रवार.

लग्न झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात, अकरा वाजता. वाजले साडेबारा.

मी नवा शर्ट घातला होता आणि नवं पेन घेऊन गेलो होतो, कारण साक्षीदारांना सही करावी लागते. साक्षीदार तीन लागतात. बायको, प्लास्टरवाला आणि जावयाला पडायला लावणारे त्याचे फाइट मास्तर. हे आधीच ठरलेलं होतं. मला वाटलं वडिलांची चौथी असेल. चौथी नसते. पेन मात्र सगळ्यांनी माझंच वापरलं.

क्लार्कने एका कागदावर मुलीच्या जन्माचं साल चुकवलं होतं. दुरुस्त करायला जेवणानंतर या म्हणाला. इतका उद्धटपणा! मी खुर्चीतून उठलो. आणि बघतो तर कोणीच क्लार्ककडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मुलगी, बायको, तो, प्लास्टरवाला. फाइट मास्तरही, ज्यांची नि माझी ओळखसुद्धा नव्हती. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं असणार. मुलीने हातातली फाइल छातीशी धरली होती.

मी क्लार्कला म्हणालो, साहेब, एक आकडा आहे, जमलं तर आत्ताच बघा ना.

क्लार्कने खोडून लिहिलं. अर्धं मिनिट लागलं. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मानेवरून घाम उतरला. याच्यापेक्षा घोड्यावरून पडणं सोपं असावं.

माफीनामा खिशात होता. वाचायची वेळ आली नाही. बाहेर आल्यावर मुलीला म्हणालो, पाच पानं आहेत. ती म्हणाली, एक ओळ सांगा ना बाबा. मला ओळ सापडेना, पानं उलटत राहिलो. तेवढ्यात टॅक्सी आली.

फाइट मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमचा जावई हिरा आहे. या आठवड्यात सिनेमा लागलाय, त्यात दगडी जिन्यावरून पडलाय, एका टेकमध्ये. बघा जरूर.

१७ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.

बघितला.

दुपारचा शो. फाटकावरचा पोरगेलासा गेटकीपर तिकीट बघून काहीतरी सांगत होता, इकडे नाही तिकडे वगैरे. माझं सुरू व्हायला दोन मिनिटं होती. मी त्याला म्हणालो, मला शिकवू नको, मी तुझ्या जन्माआधीपासून सिनेमे बघतोय. जरा मोठ्याने म्हणालो असेन. तो बाजूला झाला.

आज मोजलं नाही. मुडदे किती, माहीत नाही. प्रत्येक पडणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. मिशा बदलतात, शर्ट बदलतात, हात बदलत नाही. दोन-तीनदा वाटलं, हाच. मग जिना आला. जिना दगडी नव्हता, लाकडी होता. फाइट मास्तरांची चूक झाली असेल असं वाटलं. वरून हिरोला ढकललं आणि तो सुटला, डोकं, खांदा, पाठ, परत डोकं. चोवीस पायऱ्या. मी उभा राहिलो आणि ओरडलो, अरे सांभाळून! सांभाळून रे बाळा!

अख्खं थिएटर वळलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, बसा हो, काय झालं? मी म्हणालो, माझा जावई आहे. त्यांनी विचारलं, हिरो? मी म्हणालो, नाही, पडला तो. त्यांनी मला प्यायला पाणी दिलं. माझे डोळे भरून आले होते, हे इथे लिहायला हरकत नाही.

बाहेर येऊन मुलीला फोन लावला. म्हणालो, बघितला. पोरगा ग्रेट आहे. आणि मला एक ओळ सापडली आहे, सांगू का? ती म्हणाली, आधी सांगा, कसा पडला? मी वर्णन केलं. लाकडी जिना, चोवीस पायऱ्या, लाल पडदे. ती म्हणाली, बाबा, लाकडी? तिकीट बघा जरा.

तिकीट खिशात होतं. पडदा तीन. मी दोनमध्ये बसलो होतो.

म्हणजे तो कोणीतरी दुसराच पडला. कोणाचा जावई, देव जाणे.

मी म्हणालो, तिथल्या पोराने नीट सांगितलं नाही, या लोकांना काही शिस्तच... आणि थांबलो. पलीकडे मुलीने फोन कानावरून खाली घेऊन सगळ्यांना सांगितलं असावं. आधी त्याचा आवाज आला, मग बायकोचा. बायको हसत होती. मोठ्याने, दम लागेपर्यंत, मध्येच थांबून परत. एकतीस वर्षं संसार केला. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

मुलगी परत फोनवर येऊन म्हणाली, हं बाबा, ती ओळ सांगत होतात ना?

म्हणालो, नंतर. चालू दे तुमचं.

फोन कानाशी तसाच धरून उभा राहिलो. तिने ठेवेपर्यंत ऐकलं.